पाणी आटेपर्यंत

पहाटे सव्वापाच

ऑगस्टमधला शनिवार. रात्रभर झिमझिम चालू होती. नागपूरहून यवतमाळमार्गे येणारी ट्रॅव्हल्स आर्णीत थांबते तेव्हा रस्त्यावर एका चहाच्या टपरीचा दिवा तेवढा लागलेला असतो. क्लीनर डिक्कीतून थर्माकोलचा खोका काढून माझ्या हातात देतो. घरी नेऊन उघडू असं मी कधीच करत नाही. तिथेच स्कूटीच्या सीटवर ठेवून चिकटपट्टी सोडते आणि आधी आत हात घालते. बर्फाची बाटली हलवून पाहते. खडा खुळखुळला की अर्धी काळजी मिटते. नुसतं पाणी हिंदकळलं, तर रात्री कधीतरी खोका तापला होता, असं समजायचं. आज खडा खुळखुळला.

मग नाक. ताज्या बटन मशरूमला ओल्या मातीचा, थोडा ओल्या लाकडाचा वास असतो. शिळं होऊ लागलं की तोच वास आंबूस होतो आणि पुढे मासळीकडे झुकतो. पाकिटावरची तारीख मी नंतर वाचते. तिसरी खूण प्लॅस्टिकच्या आतल्या थेंबांची. मशरूम तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि जितकं तापेल तितका हा श्वास वाढतो. त्यातून सुटलेलं पाणी प्लॅस्टिकला आतून चिकटतं आणि परत टोपीवर टपकतं. अशा पाकिटातला माल दुपारपर्यंत बुळबुळीत होतो. आज वीस पाकिटं आहेत, प्रत्येकी २०० ग्रॅमची. तीन पाकिटांत थेंब दिसतात. ती मी वेगळ्या पिशवीत टाकते.

नागपूर ते आर्णी जवळपास दोनशे किलोमीटर. हा माल इतक्या लांबून आणावा लागतो, कारण बटन मशरूमला थंडी लागते. त्याच्या बुरशीचं जाळं पसरायला २२ ते २५ अंश आणि प्रत्यक्ष मशरूम उगवायला १४ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो. थंड खोली बांधून, दिवसरात्र यंत्र चालवूनच इथे बटन निघेल. आपल्या देशात त्याची शेती १९६१च्या सुमारास हिमाचलातल्या सोलनला रुजली ती हवेमुळेच.

सकाळी सहा

दुकान हमरस्त्याला लागून आहे. दहा बाय पंधराची खोली, पुढे चार टेबलं, मागे ओटा आणि गॅसवरचा दगडी तळाचा ओव्हन. पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात नऊ वर्षं काढून मी गावी परत आले तेव्हा आर्णीत पिझ्झा कोण खाणार, असं पुष्कळांनी विचारलं. कॉलेजची पोरं खातात, यवतमाळ–नांदेड ये-जा करणाऱ्या गाड्या थांबतात, आणि वाढदिवसाला तर आजीपासून नातवापर्यंत सगळं घर येतं.

ओट्यावर तीन ताटं मांडते. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम या तीन ताटांत होतं आणि ते मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. भाचा मदतीला असतो, त्याला अजून फक्त पाहायला लावते.

पहिल्या ताटात टोपी मिटलेली मशरूम. उलटं धरून टोपी आणि देठ यांच्यामधला पातळ पडदा बघायचा. पडदा शाबूत, टोपी अंगठ्याने दाबली तर टणक, देठ आखूड. दुसऱ्या ताटात पडदा फाटून टोपी थोडी उघडलेली, आतले तपकिरी पापुद्रे दिसणारी, पण अंग अजून घट्ट असलेली. तिसऱ्या ताटात सुरकुतलेली, चिकट झालेली, काळे खड्डे पडलेली. तिसरं ताट सरळ खताच्या खड्ड्यात जातं. त्यातलं अर्धं कापून वाचवावं असा मोह मी होऊ देत नाही.

खरा विचार पहिल्या दोन ताटांत आहे. गिऱ्हाईक पहिलं ताट निवडतं, कारण ते पांढरंशुभ्र दिसतं. चव दुसऱ्या ताटात जास्त असते. टोपी उघडते म्हणजे मशरूम पिकतं. त्याचा वास गडद होतो, मांसल चव वाढते. अडचण एवढीच की उघड्या पापुद्र्यांतून शिजताना काळसर रस सुटतो आणि चीजवर डाग पडतात. म्हणून दुसऱ्या ताटातलं मशरूम मी बारीक चिरून, खमंग होईस्तोवर परतून सॉसमध्ये मिसळते आणि पहिल्या ताटातल्या चकत्या वर लावते. डोळ्यांना वरचं, जिभेला खालचं.

पांढऱ्या रंगाबद्दल एक गोष्ट मी भाच्याला पुन्हा पुन्हा सांगते. हे मशरूम मुळात तपकिरी होतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपास त्याची लागवड सुरू झाली, पुढे तिथल्या जुन्या दगडखाणींच्या अंधारात ती वाढली, आणि तेव्हा ते तपकिरीच होतं. १९२५-२६च्या सुमारास अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका मशरूमच्या वाफ्यात एक पांढरा झुबका उगवला. तो जपून वाढवला गेला आणि आज जगभर दिसणारं पांढरं बटन त्याच्यापासून आलं. शहरातल्या दुकानांत वेगळ्या नावाने महाग विकली जाणारी तपकिरी क्रिमिनी आणि थाळीएवढं पोर्टोबेलो हीसुद्धा याच जातीची. एक तपकिरी राहिलेलं, दुसरं तपकिरी आणि पूर्ण उघडलेलं. म्हणजे पांढरेपणाला उणीपुरी शंभर वर्षं झाली आहेत आणि त्याचा चवीशी काही संबंध नाही. उलट फार चकचकीत पांढरा माल दिसला की मी पाकीट फोडून हुंगते. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात मशरूम धुण्याची पद्धत आहे. त्याने रंग टिकतो, पण प्रमाण चुकलं की आगकाडी ओढल्यासारखा गंधकाचा वास मागे राहतो, आणि दम्याच्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो. थोडं मळकट, टोपीला मातीचा कण चिकटलेलं मशरूम मला त्यापेक्षा विश्वासाचं वाटतं.

साडेसात

काकू आल्या. सावळी सदोब्याकडच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीने येतात, डोक्यावर टोपलं आणि त्यावर ओलं सुती फडकं. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत धिंगरी अळिंबीचे बेड टांगलेले आहेत. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम. शिंपल्यासारखी पसरट, एकावर एक रचलेली.

‘ताई, आज सव्वातीन किलो निघालं. वरच्या रांगेतलं राहू देलं, उद्याले काढीन.’

‘काकू, कडा बघू आधी.’

त्या हसून फडकं बाजूला करतात. कडा खाली, आतल्या बाजूला वळलेली आहे. धिंगरी काढायची वेळ तीच. कड सपाट झाली, वर उचलली गेली, चुणीदार झाली की मशरूम म्हातारं झालं. मग ते चामट लागतं आणि पांढऱ्या पिठासारखे बीजाणू सोडू लागतं. खोलीत ते बीजाणू भरले की माणसाला खोकला धरतो. मागच्या वर्षी काकूंना महिनाभर कोरडा खोकला होता. तेव्हापासून त्या तोंडाला ओढणी बांधूनच आत जातात आणि कड वळलेली असतानाच तोडतात. मला चांगला माल मिळतो आणि त्यांची छाती राखली जाते.

बटनवर मी पोट भरते खरं, पण माझं मन या टोपल्यावर आहे. कारण हे सोयाबीनच्या कुटारावर येतं. आर्णीच्या कुठल्याही बांधावर उभं राहिलं तर कापूस, सोयाबीन आणि तूर दिसते. सोयाबीन निघाल्यावर जे कुटार उरतं ते ढोरांना जातं नाहीतर पेटवलं जातं. काकू ऑक्टोबरमध्ये मळणी झाली की कोरडं कुटार पोत्यांत भरून माळ्यावर ठेवतात. त्याला पावसाचा थेंब लागू द्यायचा नाही. एकदा भिजून वाळलेल्या कुटारात हिरवी बुरशी दबा धरून बसते आणि मग पिशवीच्या पिशवी हिरवी होते. लागवडीच्या आधी ते रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी ड्रममध्ये ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, निथळतात. मुठीत घट्ट दाबलं तर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, एवढा ओलावा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत कुटाराचा एक थर, त्यावर गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, परत थर. हाच एक बेड. ओल्या कुटाराच्या वजनाच्या २ ते ३ टक्के बियाणं पुरतं. पंधरा ते वीस दिवस अंधाऱ्या खोलीत. पिशवी आतून कापसासारखी पांढरी झाली की प्लॅस्टिक फाडायचं, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा द्यायचा, आणि चार-सहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात. धिंगरीला २० ते ३० अंश आणि भरपूर ओलसर हवा लागते. आर्णीचा पावसाळा आणि हिवाळा तिला मानवतो. उन्हाळ्यात काकू दुधी अळिंबीचे बेड लावून पाहतात, तिला ३० ते ३५ अंशही चालतात. पण ती फार घट्ट असते आणि पिझ्झ्यावर मला आवडत नाही. ती रश्श्यात चांगली.

महिनाभरापूर्वी काकूंनी मला एक बेड दिला. एक तोडा होऊन गेलेला. ‘लोकाइले दाखवाले ठेवा,’ म्हणाल्या. तो मी मागच्या दारात, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला टांगून ठेवला आहे. गिऱ्हाईक विचारतं हे कुठून येतं, तर मी हाताला धरून तिथे नेते.

नऊ

कणकेचं काम थोडक्यात होतं. काल रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेला मैदा बाहेर काढायचा, २२० ग्रॅमचे उंडे करायचे, ओल्या फडक्याखाली झाकायचे. दमट हवेत खमीर लवकर फुगतं, म्हणून पावसाळ्यात यीस्ट निम्मं.

दहा

मशरूम धुवावं की नाही यावर स्वयंपाक्यांची भांडणं होतात. पुण्याच्या भटारखान्यात आम्हाला सांगितलं होतं, धुवायचं नाही, पाणी पितं, फक्त पुसायचं. मी बरीच वर्षं पुसत राहिले. मग वाचलं की अन्नाच्या विज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅकगी यांनी मशरूम पाण्यात भिजवून, आधी-नंतर वजन करून पाहिलं होतं आणि त्याने फारच थोडं पाणी धरलं होतं. मीही इथल्या तराजूवर करून पाहिलं. किलोभर बटन पाण्यातून झरझर काढलं तर तीस-चाळीस ग्रॅम वाढतात, आणि तेही वरवर चिकटलेलं पाणी. जे मशरूम मुळातच नव्वद टक्के पाणी आहे त्याला एवढ्याने काय होणार? म्हणून बटन मी धुते. भरपूर पाण्यात दोन हेलकावे, लगेच चाळणीत, लगेच पंख्याखाली धोतराच्या फडक्यावर पसरवायचं. कापल्यावर मात्र धुवायचं नाही.

धिंगरीची गोष्ट वेगळी. तिचे पापुद्रे उघडे असतात, ते खरोखर पाणी धरून ठेवतात. ती कुटारावर वाढते, मातीत नाही, त्यामुळे तिला धुण्याची गरजही कमी. ओल्या फडक्याने पुसून, बुंध्याला चिकटलेल्या काड्या कापून टाकल्या की झालं.

साडेदहा ते एक

आता पाणी काढण्याचं काम. पहिल्या वर्षी मी ते केलं नव्हतं आणि त्याची आठवण मला अजून बोचते. एका नामकरणाची ऑर्डर होती, चाळीस पिझ्झे. मी कच्च्या चकत्या वर पसरून ओव्हनमध्ये घातल्या. हॉटेलात तसं करत होतो, तिथे चालत होतं. इथे प्रत्येक पिझ्झ्याच्या मधोमध तळं साचलं. चीज पाण्यावर तरंगत होतं, खालची पोळी लगद्यासारखी झाली. लोकांनी कडा खाल्ल्या आणि मधला भाग ताटात ठेवला. ज्या बाईंनी ऑर्डर दिली होती त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पैसेही पूर्ण दिले. मी मात्र रात्री ताटं धुताना तो उरलेला भाग मोजत बसले होते.

चूक आचेच्या हिशेबात होती. इटलीतल्या नेपल्समध्ये लाकडाच्या भट्टीचं तापमान सव्वाचारशे अंशांच्या वर असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथे पातळ चकतीतलं पाणी सुटतं न सुटतं तोच उडून जातं. हॉटेलातली भट्टीही जवळपास तेवढी तापायची. माझा ओव्हन फार तर ३२० अंशांपर्यंत जातो आणि पिझ्झ्याला चार-पाच मिनिटं लागतात. एवढ्या वेळात मशरूम पाणी सोडतं, पण ते पाणी उडायला आच पुरत नाही. घरच्या ओव्हनचं तर विचारूच नका. तेव्हा पाणी आधी काढून मगच मशरूमने पिझ्झ्यावर जायचं.

बटनच्या चकत्या मी अर्धा सेंटिमीटर जाड ठेवते. भाच्याला पातळ कापायची हौस आहे, पण परतल्यावर त्या निम्म्याहून लहान होतात आणि पातळ चकती वाळून कागद होते. देठाचं मातकट टोक कापायचं, बाकी देठ ठेवायचा. रुंद लोखंडी कढई चांगली तापू द्यायची. तेल नाही, मीठ नाही. चकत्या एकाच थरात पसरायच्या. ढीग घातला की खालच्या वाफेत वरच्या शिजतात आणि भाजणं राहून जातं. पहिल्या मिनिटाला काही होत नाही. मग बाजूने पाझर फुटतो आणि कढईत सूंऽऽ असा बारीक, सलग आवाज सुरू होतो. या वेळी कढई तिरपी करून मी ते तपकिरी पाणी एका वाटीत काढून घेते. ते फेकणं मला पाप वाटतं. ते वेगळं आटवून टमाट्याच्या सॉसमध्ये घातलं की सॉसला जी खोली येते ती कुठल्या पुडीने येत नाही. मशरूममधलं ग्लुटामेट त्या पाण्यात उतरलेलं असतं.

मग आवाज मंदावतो. क्षणभर कढई अगदी गप्प होते, आणि त्यानंतर वेगळा, तडतडता आवाज येतो. मी भाच्याला डोळे मिटून ऐकायला लावते. तो तडतडाट म्हणजे पाणी संपलं आणि भाजणं सुरू झालं. आता चमचाभर तेल, सराट्याने उलटापालट, कडा तपकिरी, आणि सगळ्यात शेवटी मीठ, ठेचलेला लसूण, जाडसर मिरपूड. मीठ आधी घातलं तर पाणी एकदम सुटतं, मशरूम स्वतःच्याच रसात उकडतं आणि रंग येत नाही. किलोभर कच्च्या बटनचं भाजून निम्म्याहून कमी उरतं. दर ठरवताना मी तो हिशेब धरते.

एका गोष्टीची भीती बाळगायची गरज नाही, ती म्हणजे जास्त शिजण्याची. वांगं, दोडका आचेवर ठेवला तर गळून जातो. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, खेकड्याच्या कवचात असतो तोच पदार्थ. आचेने तो विरघळत नाही. म्हणून आधी कढईत आणि परत ओव्हनमध्ये जाऊनही मशरूम दाताखाली लागतं.

धिंगरीला सुरी लावत नाही. टोपीच्या कडेपासून देठाकडे हाताने फाडायची, रेषा जिथे नेतील तिथे. बोटाएवढ्या पट्ट्या होतात आणि फाटलेल्या खरबरीत कडा तव्यावर कुरकुरीत होतात. तिलाही आधी कोरडीच भाजते, वरून दुसरा जड तवा ठेवून दाबते. दाबाखाली पाणी लवकर निघतं आणि पट्टीचा रंग भाजलेल्या पापडासारखा होतो. कधी वाटीत थोडा हिरव्या मिरचीचा ठेचा मिसळते. सावजी मसाला घालून मशरूम पिझ्झा कर, असं मला कितीतरी जणांनी सुचवलं. मला सावजी आवडतं, पण त्या मसाल्याखाली धिंगरी आहे की बटाटा हे कळणार नाही. ज्या चवीसाठी एवढा खटाटोप, ती झाकायची कशाला?

डबाबंद मशरूमबद्दल विचारतात. ८०० ग्रॅमच्या डब्यात निथळून ४४० ग्रॅम निघतं, बाकी खारट पाणी. ते स्वस्त पडतं, टिकतं, चिरलेलं येतं. पण त्याची चव डब्यातच राहून गेलेली असते, थोडी आंबट आणि रबरासारखी. माल आला नाही तर त्या दिवशी मी फळ्यावरचं मशरूमचं नाव पुसते.

दीड

आई घरून डबा घेऊन आली तेवढ्यात दारात एक म्हातारबुवा उभे. हातात पळसाच्या पानांचा द्रोण.

‘बाई, टेकोडे आणले. रानातले व्हय, वारुळावरचे. तुया पिझ्झ्यावर टाक न हे.’

मी द्रोण हातात घेतला. लांब, मुळासारखं खाली निमुळतं होत गेलेलं देठ, टोपीच्या मध्यावर टोक. आईने बघताक्षणी मान हलवली, हो, तेच. आईला ते तिच्या आईने ओळखायला शिकवलं. वाळवी वारुळात बुरशीची बाग करते, पालापाचोळा चावून त्यावर बुरशी पोसते, आणि पावसाच्या पहिल्या झडीनंतर ती बुरशी वर डोकं काढते ते टेकोडे. वाळवीवाचून ते येत नाहीत, म्हणून त्यांची शेती करता येत नाही. दरवर्षी काही आठवडेच मिळतात.

आजोबांना मी पैसे दिले आणि द्रोण आईच्या डब्याशेजारी ठेवला. पिझ्झ्यावर रानातलं मशरूम मी कधीही लावत नाही, कुणी आणलं तरी. माझ्या आईने ओळखलेलं मी खाईन, पण जे लोक मला ओळखत नाहीत त्यांना ते खाऊ घालण्याचा मला हक्क नाही. पावसाळ्यात पटांगणातल्या गवतावर मोठी पांढरी छत्री येते, तपकिरी खवले असलेली. तिचे पापुद्रे वय झाल्यावर हिरवट होतात. ती खाऊन माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी होतात. कोवळी असताना ती अगदी भाजीची वाटते. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण रंग बदलला तर विषारी, किड्यांनी खाल्लं असेल तर चांगलं, हे सगळं मी लहानपणापासून ऐकलं आहे आणि यातलं काहीही खरं नाही. जगातली सगळ्यात जीवघेणी मशरूमसुद्धा चमचा चकचकीत ठेवतात. ओळखणारं माणूस हवं, आणि शंका असेल तर फेकून द्यावं.

‘नाई टाकत मंग?’ आजोबा विचारतात.

‘नाही आजोबा. हे भाकरीसोबत खायचं आहे. आईच्या हातचं.’

त्यांना ते पटलं असावं. चहा घेऊन गेले.

तीन

वीज गेली. पावसात तार कुठेतरी पडली असणार. फ्रिजचं दार उघडायचं नाही असा भाच्याला दम दिला आणि उरलेलं कच्चं बटन कागदी पिशव्यांत घालून, सकाळच्या बर्फाच्या बाटल्यांसह परत थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं. कागद ओल शोषतो. भाजलेलं मशरूम रुंद परातीत उघडं पसरलेलंच आहे. गरम असताना डब्यात झाकलं की वाफ परत पाणी होते, आणि मग दुपारची सगळी मेहनत वाया. चार वाजता वीज आली. तेवढ्या वेळात मी पाठ टेकली.

साडेपाच

पहिलं टेबल एका जैन कुटुंबाचं. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि मशरूमही नाही. त्यांच्यासाठी वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळा सॉस, आणि ओव्हनच्या दगडावरची डाव्या हाताची जागा, जिथे मशरूमचा पिझ्झा मी कधीच ठेवत नाही. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, एकदा त्यांनीच काचेतून पाहिलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला येतात.

सहाच्या सुमाराला श्रावण पाळणारं एक घर. आजींचा प्रश्न ठरलेला असतो: हे मांसाहारात येतं का? त्यांचा नातू सहावीत आहे, तो म्हणाला, हे झाड आहे. मी दोघांना मागच्या दारात घेऊन गेले आणि बेड दाखवला. पान नाही, हिरवा रंग नाही, उन्हावर स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून झाड नाही. रक्त नाही, मांस नाही, म्हणून प्राणीही नाही. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली तेव्हा बुरशीला तिची स्वतःची सृष्टी मिळाली. नातवाने बेडवर बोट ठेवून विचारलं, मग हे काय खातं? कुटार, मी म्हटलं. आजी म्हणाल्या, ‘आमच्या गायीसारखंच की.’ त्यांनी धिंगरीचा पिझ्झा मागवला, लसूण वगळून.

सात ते साडेनऊ

शनिवारची गर्दी. या अडीच तासांत विचार करायला वेळ नसतो, हात सकाळी ठरवलेलंच करत जातात. उंडा थापायचा, बारीक चिरलेल्या मशरूमचा सॉस कडेपासून दोन बोटं आत, त्यावर चीज, आणि मशरूम चीजच्या वर. खाली घातलं तर ते चीजच्या पांघरुणाखाली वाफवलं जातं आणि पकडही राहत नाही, चावा घेतला की सगळं एकदम ओढून येतं. वर ठेवलं की चीज वितळून त्याला बुडाशी धरतं आणि कडा आणखी भाजतात. दहा इंची पिझ्झ्याला ७० ग्रॅम भाजलेलं मशरूम. जास्त घालून उदारपणा दाखवावा असं वाटतं, पण पोळीला तेवढं ओझं पेलत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. मशरूमसोबत मी फार काही लावत नाही. सिमला मिरची तर नाहीच, तिचा वास सगळ्यावर बसतो. कांदा पातळ, थोडा.

आठ वाजता नांदेडकडे निघालेली एक गाडी थांबली. त्यांना बटन हवं होतं, भाजलेलं संपत आलं होतं. मी अर्ध्यावर बटन आणि अर्ध्यावर धिंगरी घालू का, असं विचारलं. जाताना त्यांनी धिंगरीबद्दलच चौकशी केली: कुठली, कोण पिकवतं, किलोने मिळेल का. काकूंच्या गावाचं नाव मी कागदावर लिहून दिलं.

एक पिझ्झा परत आला. चूक माझी. घाईत परातीच्या तळाशी साचलेले तुकडे उचलले, ते ओलसर राहिले होते. मधे ओल दिसत होती. मी तो बदलून दिला आणि परात चाळणीवर उपडी केली.

पावणेअकरा

ओव्हन बंद, दगड अजून तापलेला. टेबलं पुसून झाली. शिलकीत बटन अर्धा किलो कच्चं, धिंगरी शून्य. देठांची टोकं आणि तुकडे एका ताटात पसरून गरम ओव्हनमध्ये दार किलकिलं ठेवून सोडते. सकाळपर्यंत ते वाळून खुळखुळ वाजतात, मिक्सरमधून काढले की आठवडाभराच्या सॉसची पूड होते. नागपूरला फोन करून उद्याची पाकिटं सांगितली: पंधरा. रविवारी वीस लागतात, पण काकूंची वरची रांग उद्या निघणार आहे.

घरी आईने टेकोडे रांधून झाकून ठेवले असतील, लसूण आणि तिखट घालून, दाट.

मागच्या दारात जाऊन बेडवर पाण्याचा फवारा मारला. दुपारी वीज गेल्यापासून द्यायचा राहिला होता. गोणपाट बाजूला करून मोबाइलचा उजेड पाडला तर प्लॅस्टिकच्या चिरेतून कोंबांचा एक झुबका आलेला, मोहरीएवढा एकेक, राखाडी डोक्यांचा. सकाळी नव्हता. नातवाने बोट ठेवलं होतं त्याच्या जरा खाली. भाचा वाकून बघत म्हणाला, ‘मावशी, उद्या काढायचं?’

‘उद्या नाही,’ मी म्हटलं. ‘मंगळवारी. कड वळलेली पाहिजे.’